आधी पेंढी, मग पेंड

दूध घटले की आंबोण वाढवावे, हा रिवाज महाराष्ट्रातील दुभत्या गोठ्यांत इतका रूढ झाला आहे की त्यामागचे कारण विचारण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. गाय सकाळी दोन लिटर दूध कमी देते. संध्याकाळच्या पाटीत किलोभर भरडा अधिक पडतो. चार दिवसांनी दूध तेवढेच राहते, शेण मात्र पातळ होते. मग पेंडीचा प्रकार बदलला जातो. तो बदलूनही गुण आला नाही, तर दोष गाईच्या जातीवर किंवा पेंडीच्या दुकानदारावर ठेवला जातो. गव्हाणीत वैरण कोणती पडली, किती पडली आणि तीतली गाईने खाल्ली किती व तुडवली किती, याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

दूध उत्पादनाच्या एकूण खर्चापैकी साधारणतः ६० ते ७० टक्के खर्च एकट्या आहारावर होतो. ज्या धंद्यात रुपयातले साठ-सत्तर पैसे गव्हाणीत पडतात, त्या धंद्यात गव्हाणीचा हिशेब उलट्या टोकाकडून मांडला जावा, ही खेदाची गोष्ट आहे. वैरण म्हणजे पोट भरण्याची वस्तू आणि पेंड म्हणजे दूध काढण्याची वस्तू, अशी जी वाटणी शेतकऱ्याच्या मनात पक्की बसली आहे, ती गाईच्या पोटाच्या रचनेशी मुळीच जुळत नाही. दुभत्या जनावराच्या आहाराचा पाया वैरणीचाच असावयास हवा. पेंड ही त्या पायावरची भर होय. हा क्रम का उलटता येत नाही, हे समजण्यासाठी गाईचे पोट आतून कसे चालते, ते थोडे पाहिले पाहिजे.

गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे होत. गाईच्या वरच्या जबड्यास पुढचे दात नसतात. ती जिभेने गवत वेटाळते, खालचे दात व वरची कठीण हिरडी यांत धरून तोडते आणि जेमतेम चावून गिळून टाकते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिले कोठीपोट, त्याला लागून जाळीपोट, तिसरे पडदेपोट आणि चौथे खरे पोट. माणसाच्या जठराशी ज्याची तुलना करता येईल, ते हे चौथे पोट. पहिली तीन ही त्याआधीची व्यवस्था आहे आणि गाईचे गाईपण या व्यवस्थेतच आहे. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. पोटाची डावी बाजू जवळजवळ सगळी त्यानेच व्यापलेली असते. निरोगी जनावराच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली, तर मिनिटास एक-दोन वेळा कोठीपोटाची हालचाल हातास स्पष्ट कळते. आत पडलेला चारा घुसळण्याचे काम या हालचालीने अखंड चालू असते.

घुसळण असली तरी कोठीपोट स्वतः पाचक रस सोडीत नाही. कडब्यात, गवतात व उसाच्या वाढ्यात जे तंतुमय द्रव्य असते, ते फोडणारा रस गाईच्याच काय, कोणत्याच सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही. मग गाय कडबा खाऊन दूध कसे देते? या प्रश्नाचे उत्तर कोठीपोटातील सूक्ष्म जीवांपाशी आहे. फ्रान्समध्ये ग्रुबी व देलाफाँ यांनी १८४३ साली कोठीपोटातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात हालचाल करणारे जीव असल्याची नोंद केली. परंतु ते जीव तेथे काय करतात, हे कळण्यास पुढे शंभर वर्षे लागली. हवेचा स्पर्श होताच मरणारे हे जंतू बाहेर वाढवावयाचे कसे, हीच मुख्य अडचण होती. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायूविरहित नळ्यांत ते वाढविण्याची पद्धत बसविली व १९६६ साली या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोठीपोटातील थेंबभर द्रवात अब्जावधीच्या घरात मोजावे लागतील असे जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला आकाराने मोठे असे एकपेशीय जीव व काही बुरशीही असतात.

हे जीव चाऱ्यातील तंतू आंबवतात. या आंबण्यातून मुख्यतः तीन आम्ले निर्माण होतात आणि ती कोठीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात शोषली जातात. गाईला लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती तिला या आम्लांतून मिळते. पहिले ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच. ते मुख्यतः तंतुमय चाऱ्यातून तयार होते आणि दुधातील स्निग्धांशाचा बराच भाग कासेत त्यापासून घडतो. दुसरे प्रोपिऑनिक आम्ल, हे धान्याच्या पिठाळ भागातून अधिक मिळते. यकृतात त्याची साखर होते व त्या साखरेपासून दुधातील साखर बनते. दूध किती लिटर निघेल, हे बऱ्याच अंशी या साखरेवर अवलंबून असते. तिसरे ब्युटिरिक आम्ल प्रमाणाने कमी, पण कोठीपोटाच्या अस्तराचे पोषण तेच करते. वैरणीवर स्निग्धांश आणि धान्यावर लिटर, असे ढोबळमानाने म्हणता येते. मात्र दोन्हींपैकी एकाच्याच मागे लागणाऱ्याचे दुसरे हातचे जाते.

प्रथिनांची गोष्ट तर याहूनही नवलाची आहे. सरकीच्या किंवा भुईमुगाच्या पेंडीतील बरेचसे प्रथिन कोठीपोटातील जिवाणू फोडतात, त्याचा अमोनिया करतात आणि त्या अमोनियातून स्वतःची शरीरे वाढवतात. हे जिवाणू चाऱ्याबरोबर पुढे वाहत चौथ्या पोटात येतात व तेथे पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा असा जिवाणूंच्या शरीरांतून येतो. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाईंना प्रथिन जवळजवळ वगळून केवळ युरिया व अमोनियाचे क्षार यांतून नत्र दिले, आणि तरीही त्या गाईंनी दूध दिले. तो आहार गोठ्यात चालविण्यासाठी नव्हता, हे सांगावयास नकोच. पण गाय प्रथिन खाऊनच प्रथिन देते ही समजूत त्या प्रयोगाने मोडीत निघाली. शक्ती आणि नत्र ही दोन्ही जिवाणूंना एकाच वेळी मिळाली, तरच ते वाढतात. कोरड्या, निकृष्ट काडावर उभ्या असलेल्या गाईपुढे पेंड कितीही ओतली, तरी निघालेला अमोनिया वापरण्यापुरती शक्ती जिवाणूंजवळ नसते. तो रक्तात जातो, त्याचा युरिया होतो आणि बराचसा मूत्रावाटे गोठ्याच्या नालीत वाहून जातो. विकत घेतलेल्या पेंडीचा असा शेवट व्हावा, यासारखे दुसरे नुकसान नाही.

तेव्हा गोठ्याचा धनी एक जनावर पाळीत नाही, दोन पाळतो. एक दाव्याला बांधलेले आणि दुसरे, डोळ्यांना न दिसणारे, त्याच्या पोटात वस्तीला असलेले. त्या दुसऱ्याच्या सवयी न ओळखता पहिल्याची निगा राखता येत नाही. या वस्तीस ऊब लागते, ती गाईच्या शरीरातून मिळतेच. ओलावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आम्लतेचा समतोल लागतो. आंबण्यातून आम्ल सतत निर्माण होत असल्याने ते मारण्याची व्यवस्था सतत चालू असावी लागते. ही व्यवस्था म्हणजे गाईची लाळ. मोठी गाय दिवसाकाठी शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक लाळ गाळते. तिच्यात खाण्याच्या सोड्याच्याच जातीचा क्षार असतो. ही लाळ सुटते चघळण्याने. गाय दिवसातील सात-आठ तास रवंथ करते, ते वेळ घालविण्यासाठी नव्हे. गिळलेला लांब तंतूचा चारा कोठीपोटात वर तरंगतो, अस्तराला टोचतो व त्यामुळे घास परत तोंडात येतो. भरड्याने किंवा पिठाने हे टोचणे होत नाही. ज्या गाईपुढे वैरण कमी व भरडा अधिक, तिचे आम्ल वाढते आणि लाळ घटते. आग वाढावी आणि पाणी आटावे, तशातला हा प्रकार आहे.

आम्लता वाढली म्हणजे तंतू फोडणारे जिवाणू प्रथम मंदावतात. म्हणजे जी वैरण गव्हाणीत आहे तिचेही पचन घटते. गाय चारा कमी खाऊ लागते, शेण पातळ व फेसाळ होते, त्यात धान्याचे कण अख्खे दिसतात. महिनोन्महिने असेच चालले, तर खुरांच्या आत दाह होऊन जनावर लंगडू लागते. लंगडणाऱ्या गाईचे कारण पोटात असू शकते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. आणि एकदम मोठा आघात झाला, तर जनावर दोन दिवसांत दगावते. पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यांत बैलांची जी गर्दी होते, तिचे कारण हेच. वर्षभर कडब्यावर कष्ट केलेल्या बैलास एका दिवशी कौतुकाने पुरणपोळ्या, गहू-बाजरीचा खिचडा व गूळ पोटभर चारला जातो. लग्नकार्यातील उरलेला भात व बुंदी गाईपुढे टाकणे हाही त्यातलाच प्रकार. कोठीपोटातील वस्ती कडब्याची. तीत पिठाळ अन्नावर जगणारे व तीव्र आम्ल करणारे जंतू काही तासांत माजतात. भावनेचा मान राखावयाचा, तर नैवेद्याचा एक घास पुरे. असे जनावर सुस्त पडले, पोट तटले, रवंथ थांबली, तर घरगुती काढे नळीने पाजीत न बसता तत्काळ पशुवैद्यास बोलवावे.

खुराकात कोणताही बदल हळूहळू करावा, असा सल्ला शेतकऱ्यांना वारंवार दिला जातो आणि तितक्याच वेळा तो विसरला जातो. नव्या अन्नाला योग्य जिवाणू वाढून स्थिर होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. पेंड वाढवावयाची असो, हिरव्या मक्यावर आणावयाचे असो की कडब्यावरून उसाच्या वाढ्यांवर, हा बदल निदान दहा-पंधरा दिवसांत, थोडाथोडा करून व्हावयास हवा. स्वस्त मिळाली म्हणून दर आठवड्याला निराळ्या छापाची पोती आणणारा गृहस्थ वाचविलेले पैसे दुधात गमावतो. खुराक एकाच वेळी पाटीभर न देता दिवसातून दोन-तीन वेळांत विभागावा आणि आधी थोडी वैरण खाऊ घालून मग द्यावा. यास पैसा मुळीच लागत नाही.

आता डेअरीवरच्या रोजच्या तक्रारीकडे वळू. गाईच्या दुधाचा खरेदीदर महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही प्रत धरून ठरविला जातो व प्रत उतरली की दर उतरतो. फॅट तीनच्या खाली गेली की शेतकऱ्याचा पहिला संशय यंत्रावर. यंत्रे तपासलीच पाहिजेत व संस्थेने ती सर्वांसमोर तपासून द्यावी. या मागणीत गैर काहीच नाही. परंतु ज्या गोठ्यात पहाटे तीन किलो व संध्याकाळी चार किलो भरडा पडतो आणि कुट्टी पिठासारखी बारीक केलेली असते, तेथील फॅट यंत्र बदलून वाढणार नाही. वैरण घटल्याने स्निग्धांशाचा कच्चा माल कमी पडतो, एवढेच याचे कारण पूर्वी सांगितले जाई. त्यानंतरच्या संशोधनाने असे दिसून आले आहे की, कोठीपोट आम्लधर्मी झाले व त्यात तेलाचा अंश अधिक गेला, म्हणजे तेथील जिवाणू काही वेगळ्याच प्रकारची स्निग्धाम्ले तयार करतात आणि ती कासेत पोहोचून स्निग्धांश घडण्याची क्रियाच रोखून धरतात. फॅट वाढावी म्हणून सरकी अधिक चारावी आणि त्या सरकीच्या तेलानेच फॅट आणखी खाली यावी, हे अनेक गोठ्यांत घडते ते यामुळे.

हे सर्व ऐकून शेतकरी जो प्रश्न विचारील, तो अगदी रास्त आहे: वैरण आणावयाची कोठून? महाराष्ट्राची वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी, विशेषतः मालदांडी, शेतकऱ्याने धान्याइतकीच कडब्यासाठी जपली. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले. त्याने धान्य वाढविले, पण ताट बुटके केले. अनेक गावांतील जाणत्या शेतकऱ्यांनी त्या वेळी नाक मुरडले, त्यास अडाणीपणा म्हटले गेले. गोठ्याच्या बाजूने पाहता ते नाक मुरडणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. पुढे ज्वारीची जागा सोयाबीन, कापूस व ऊस यांनी घेतली आणि शिवारातील कडब्याच्या गंजी विरळ झाल्या. त्याच काळात गोठ्यात संकरित गाय आली, जिची भूक गावठी गाईच्या दुप्पट. पेंढी कमी झाली आणि खाणारे तोंड मोठे झाले. मधली पोकळी पेंडीने भरून काढण्याचा प्रयत्न चालला आहे. ती पोकळी पेंडीने भरत नाही.

उसाच्या पट्ट्यात वाढ्यांवरच जनावरे जगतात. वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात, हिरवी दिसतात, गाय आवडीने खाते. पण त्यांत प्रथिन फार थोडे, आणि ऑक्झॅलेट नावाचे जे द्रव्य असते ते चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते. दुधावाटे आधीच कॅल्शियम वाहून जात असताना वाढ्यांवरच ठेवलेली गाय हाडांतील साठा उपसू लागते. तिचे उलटणे वाढते, माजाची लक्षणे मंदावतात व व्यायल्यावर दुग्धज्वराचे भय वाढते. वाढ्यांसोबत कडबा व लसूणघास अवश्य असावी, वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण चुकवू नये. २०१३ व २०१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांतून जनावरांना मुख्यतः ऊसच मिळाला. त्या वेळी तो मिळाला म्हणून जनावरे जगली, हे मान्यच केले पाहिजे. पण जगविण्याचा चारा आणि दुधाचा चारा यांत अंतर असते, आणि दुष्काळ सरल्यानंतरही तीच गव्हाण चालू ठेवणे परवडत नाही.

वैरणीला जागा दिली, तर काय साधते, हे एका साध्या हिशेबावरून दिसेल. ४०० किलो वजनाची व रोज १० लिटर दूध देणारी गाय घ्यावी. तिला वजनाच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे १२ किलो कोरडा अंश रोज पोटात जावयास हवा. हिरव्या चाऱ्यात पाचवा हिस्साच कोरडा अंश, बाकी पाणी; कडब्यात व खुराकात दहातील नऊ हिस्से कोरडा अंश असतो. गोठ्यात केवळ कडबा असेल, तर प्रचलित हिशेबाप्रमाणे शरीरपोषणास दीड किलो व लिटरमागे ४०० ग्रॅम, असा साडेपाच किलो खुराक तिला घालावा लागतो. त्याऐवजी २५ किलो हिरवा चारा दिला, त्यातील तिसरा हिस्सा लसूणघास किंवा चवळीसारख्या द्विदल चाऱ्याचा ठेवला, आणि सोबत ५ किलो कडबा दिला, तर शरीरपोषण व पहिले चार-पाच लिटर दूध वैरणीवरच निघते. उरलेल्या दुधासाठी दोन-अडीच किलो खुराक पुरतो. रोजची तीन किलो बचत धरली, तर महिन्याकाठी नव्वद किलो, म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ दोन पोती. एका गाईमागे वर्षाला नऊ टन हिरवा चारा लागेल. फुले जयवंतसारखे संकरित नेपिअर बागायतीत नीट जोपासले, तर त्यास साधारण दहा गुंठे जमीन पुष्कळ होते. लसूणघाशीला, आफ्रिकन टॉल मक्याला वेगळा तुकडा असावा. दुसरी गाय बाजारातून आणण्यापूर्वी हे दहा गुंठे आहेत का, हा प्रश्न विचारला जात नाही. बँकेचे कर्ज मंजूर आहे का, एवढाच विचारला जातो.

यावर असा आक्षेप येईल की, पंचवीस लिटरांची गाय वैरणीवर कशी उभी राहील? राहणार नाही, हे खरे आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत दूध भराभर चढते, भूक मात्र मागे राहते. त्या काळात गाय अंगची चरबी जाळून दूध देते आणि तिला दाणा व पेंड द्यावीच लागते. परंतु अशा गाईला जितका खुराक अधिक, तितकी लांब तंतूची चांगली वैरण अधिक जरूरीची, हेच विसरले जाते. तिच्याही आहारातील निदान चाळीस टक्के कोरडा अंश वैरणीतून आला नाही, तर जास्त दुधाची हाव जनावराच्या मुळावर येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्याजवळ दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याने दहा गुंठे बागायत कोठून आणावी? अशा शेतकऱ्यास उपदेश करून भागणार नाही. त्याच्यापाशी जे काड आहे, ते तरी पुरतेपणी वापरात यावे. आखा कडबा पुढे टाकला, तर बुडखे वाया जातात. कुट्टी करून दिल्यास हा नाश टळतो. कुट्टी मात्र दोन-तीन सेंटिमीटरांची असावी, भुशासारखी नव्हे. भाताचा पेंढा, गव्हाचे काड अशा निकृष्ट चाऱ्याच्या १०० किलोंवर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांथरांत शिंपडावा, घट्ट दाबून प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकावा आणि तीन आठवड्यांनी काढून, थोडा वेळ उघडा ठेवून द्यावा. त्याचे पचन वाढते. युरिया कोरडा किंवा पाण्यात घालून कधीही देऊ नये, तो विषच होतो. आणि सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा मुळीच घालू नये, कारण त्यांच्या पोटातील जिवाणूंची वस्ती अजून पुरती बसलेली नसते. पावसाळ्यातील मका दुधाळ चिकात असताना कापून मुरघास करणे, हा कोरडवाहू भागाला सर्वांत मोठा आधार आहे. वर उल्लेख आलेल्या विर्तानेन यांना १९४५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात हिरवा चारा टिकविण्याच्या त्यांच्या पद्धतीचा विशेष निर्देश होता. चारा साठविण्याच्या विद्येस जगात हा मान आहे. मराठी मुलखात मात्र मुरघासाकडे अजून पुष्कळ ठिकाणी बड्या गोठ्यांची हौस म्हणून पाहिले जाते. एकट्या लहान शेतकऱ्यास यंत्र व खड्डा परवडणार नाही, हे उघड आहे. येथे गावच्या दूध संस्थेचे काम सुरू होते. बहुतेक संस्था पशुखाद्याची पोती उधारीने देतात व दुधाच्या बिलातून कापून घेतात. त्याच रीतीने कुट्टी यंत्र, मुरघासाच्या पिशव्या, नेपिअरची ठोंबे व कडब्याच्या हंगामी खरेदीस उधारी का देऊ नये? पोत्यावर संस्थेला कमिशन सुटते आणि पेंढीवर सुटत नाही, एवढेच जर कारण असेल, तर सभासदांनी वार्षिक सभेत ते स्पष्ट विचारावे.

पाण्याविषयी थोडेच सांगितले तरी पुरेल. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणी असते आणि लिटरभर दुधामागे गाईस चार-पाच लिटर पाणी लागते, ते शरीरास लागणाऱ्या पाण्याखेरीज. दिवसातून दोन वेळा बादली दाखविल्याने हे भागत नाही. वासरांच्या बाबतीत एवढे ध्यानात धरावे की, जन्मतः त्यांचे कोठीपोट निकामी असते व दूध एका पन्हळीतून थेट चौथ्या पोटात जाते. कोवळी वैरण व थोडा भरडा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाला लागला, तरच कोठीपोट वाढीस लागते. केवळ दुधावर फार दिवस ठेवलेले वासरू दिसायला गुटगुटीत दिसते, पण त्याच्यातली पुढची गाय घडलेली नसते. पावसाच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र लहानथोर कोणत्याच जनावरास देऊ नये. तीत प्रुसिक आम्लाचे विष असते व ते काही मिनिटांत जीव घेते. फुलोऱ्यावर आलेली, पाणी मिळालेली ज्वारीच कापावी.

आहार बरोबर आहे की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी, चारा खाऊन दीड-दोन तास झाल्यावर गोठ्यात निवांत उभे राहावे आणि बसलेल्या जनावरांपैकी किती रवंथ करीत आहेत ते मोजावे. दहांपैकी निदान पाच-सहांची तोंडे हलत असावीत. एक घास वर आल्यापासून गिळेपर्यंत किती वेळा चघळला जातो, तेही मोजावे; पन्नास-साठ वेळा चघळला गेला तर ठीक, चाळीसच्या खाली आला तर वैरण अपुरी किंवा कुट्टी फार बारीक आहे. मग शेण पाहावे. ते पडल्यावर जाड पोळीसारखे बसले, मध्ये किंचित खोलगट राहिले व त्यात दाणे दिसले नाहीत, तर त्या दिवशी पेंडीच्या दुकानी जाण्याचे कारण नाही. ते पातळ पसरले असेल, तर संध्याकाळच्या पाटीतून किलोभर भरडा कमी करून त्या जागी कडब्याच्या दोन पेंढ्या सोडाव्यात आणि पुढील पंधरा दिवस दुधाचा आकडा व फॅट वहीत लिहीत जावे.